ज्युदो : आधी पडायला शिका
(लेखमाला : आखाडा ते मॅट, भाग ३)

जूनमध्ये शाळा उघडल्या की परभणी, सेलू, गंगाखेडकडच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला : पोराला कराटेला घालावं की ज्युदोला? कराटेवर मागच्या आठवड्यात लिहिलं. आज ज्युदो.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही संस्था काढली. जुन्या जुजुत्सूतले घातक प्रहार त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले आणि पूर्ण ताकदीनं खेळता येतील असे डाव ठेवले. आपल्याकडे रवींद्रनाथांनी १९२९ मध्ये शिन्झो ताकागाकी यांना शांतिनिकेतनात शिकवायला बोलावलं होतं.

नव्या पोराला पहिले काही आठवडे फक्त पडायला शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीशी घ्यायची, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. पाठ गोल ठेवायची आणि ती टेकते त्याच क्षणी दोन्ही हात तळव्यापासून कोपरापर्यंत मॅटवर सपकन मारायचे. आधी उकिडवं बसून, मग उभं राहून, मग कोणी ढकलल्यावर. तोल गेला की हात मागे टेकवायची आपली उपजत सवय असते आणि मनगट, कोपर नेमकं तिथंच दुखावतं. ती सवय मोडायला वेळ लागतो. पोरं कंटाळतात, ‘सर, डाव कधी?’ म्हणून भंडावतात. तरी घाई नको. पहिल्याच दिवशी फेक शिकवणाऱ्याकडे आपलं मूल मुळीच सोपवू नका.

तालमीत घाम गाळलेल्या पोरांचं वेगळं. धोबीपछाड मारणाऱ्याला सेओइ-नागे लवकर उमगतो, कारण पाठीवर घेऊन टाकण्याचं अंग तयार असतं. पण तोच पोरगा सवयीनं पट काढायला खाली घुसतो आणि तिथं शिक्षा होते. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० पासून पायाला हात घालण्यावर निर्बंध आले. २०१३ पासून उभ्या लढतीत कंबरेखालची पकडच बंद झाली. इथं सगळा खेळ जाड सुती अंगरख्याच्या कॉलरवर आणि बाहीवर. कापड धरून समोरच्याला आधी तोलातून काढायचं, मग फेकायचं. जोरात, वेगानं आणि ताब्यात ठेवून पाठीवर टाकलं की इप्पोन, लढत तिथंच संपली. पाठीवर वीस सेकंद दाबून धरलं तरी इप्पोनच.

सरावात जोडीदारानं मॅटवर किंवा तुमच्या अंगावर दोनदा थोपटलं की पकड तत्काळ सोडायची. यात थट्टामस्करी चालवून घेणारा वर्ग धोक्याचा.

नाव घालण्याआधी एकदा जाऊन बसा. मॅटच्या जोडांत फट आहे का बघा. पायाचं बोट तिथंच अडकतं. पोरांची नखं कापलेली आहेत का, नवख्याला कोणाशी लढवतात, हेही दिसेल. परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो जाड अंगरखा घालून दुपारचा सराव नकोच; पहाटेची तुकडी मिळत असेल तर ती घ्या.

आता प्रमाणपत्राचं. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतली कामगिरी लागते. वर्गात मिळालेल्या रंगीत पट्ट्याचा कागद तिथं कामाचा नाही. कोणत्या स्पर्धा धरल्या जातात ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा आणि मगच फी भरा.