ओकच्या फळांना श्रेय किती द्यायचं?

लेखांक 7

स्पेनमधला हॅम मिठात मुरवून टांगून कसा ठेवतात, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पण मीठ आणि वारा यांचं काम चालतं ते मांसात आधीच असलेल्या ऐवजावर. तो येतो कुठून? जाहिरातींचं उत्तर ठरलेलं आहे: ओकच्या फळांतून. मला हे उत्तर अपुरं वाटतं.

त्यात तथ्य आहे, हे आधीच मान्य करतो. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू चाऱ्यातल्या चरबीचं रूप पालटून टाकतात. डुक्कर रवंथ करत नाही, त्यामुळे त्याने खाल्लेली चरबी बरीचशी जशीच्या तशी अंगात साठते. ओकच्या फळांत ऑलिक आम्ल भरपूर असतं, म्हणून ती खाल्लेल्या इबेरियन डुकराची चरबी बोटाच्या उबेनेही पाघळू लागते. मग कुणी विचारेल, बंदिस्त वाड्यात ऑलिक आम्लाने समृद्ध सूर्यफूल तेल चारलं तर? चरबी जवळपास तशीच होते. म्हणूनच नुसत्या चरबीच्या तपासणीवर विसंबता येत नाही आणि स्पेनचा 2014 चा नियम थेट कुरणात जाऊन पाहतो: हेक्टरी फार तर 1.25 डुकरं, किमान 60 दिवस चराई, त्यात किमान 46 किलो वजनवाढ आणि कत्तलीच्या वेळी वय किमान 14 महिने. साधं पांढरं डुक्कर सहा महिन्यांच्या आसपासच कापलं जातं. वाढत्या वयाबरोबर स्नायू लालबुंद होतात. कुरणातल्या हिरव्या गवतातून ई जीवनसत्त्व मिळतं आणि दीर्घकाळ मुरताना चरबी खवट होणं लांबतं. तेलाच्या डब्यातून यातलं सगळं कसं मिळणार?

पण हा खुराक कोणत्याही डुकराला चारून भागत नाही. ओकच्या फळांत प्रथिनं फारच कमी, तेव्हा स्नायूंच्या धाग्यांमध्ये चरबी साठवणारी इबेरियनसारखी जातच त्यांचं चीज करते. याउलट बेल्जियमच्या पिएत्राँ जातीचं उदाहरण घ्या. पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या भरदार, चरबीविरहित जनावरं निवडली आणि नकळत एक घातक जनुकही जोपासलं. ते असलेलं डुक्कर घाबरलं की स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम बेसुमार सुटतं. कापल्यावर मांस गरम असतानाच आम्ल झपाट्याने वाढतं, प्रथिनं बिघडतात आणि फिकट, लिबलिबीत मांसातून पाणी गळत राहतं. 1991 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी त्या जनुकातला नेमका बदल शोधला. त्यानंतर वाहक जनावरं रक्ताच्या तपासणीने ओळखता येऊ लागली.

‘हे सारं श्रीमंतांच्या ताटातलं,’ हा आक्षेप इथे टिकत नाही, कारण गळणारं पाणी साध्या मांसाच्याच वजनातून जातं. शिवाय निर्दोष जनुकाचं डुक्करही कत्तलीच्या तोंडावर विजेच्या दांड्याने हाकललं की असंच बिघडतं. प्रवासात आणि मारामाऱ्यांत ते आधीच दमलं असेल, तर नेमकं उलटं घडतं: स्नायूंतला साखरेचा साठा संपल्याने पुरेसं आम्ल तयारच होत नाही आणि मांस काळपट, कोरडं, लवकर नासणारं निघतं. अनोळखी कळप एकत्र न कोंबणं, गाडीतून उतरवल्यावर अंगावर पाणी मारणं, दोन-तीन तास विसावू देणं, यासाठी ना ओकचं रान लागतं, ना महागड्या हॅमवरचं लेबल.