दातांचे कवच

पडेगाव हे छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेस, दौलताबाद आणि वेरूळकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. पूर्वीचे हे खेडे आता शहराला जाऊन मिळाले आहे. या भागात मुलाचा दुधाचा दात पडला की वडीलधारी माणसे तो पत्र्यावर किंवा माळवदावर फेकण्यास सांगतात. नवा दात लवकर येतो, असा समज आहे. नवा दात येतोही, पण एकदाच. सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी पहिली दाढ तर कोणताही दुधाचा दात न पाडता मागच्या बाजूस मुकाट्याने उगवते. पुष्कळ आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडली तरी पडून जाईल म्हणून स्वस्थ बसतात. वस्तुतः ती जन्मभर पुरावयाची असते.

दाताचा जो भाग हिरडीबाहेर दिसतो, त्यावर दंतवल्काचे, म्हणजेच इनॅमलचे, कवच असते. शरीरात याहून कठीण पदार्थ दुसरा नाही. दाढेच्या उंचवट्यांवर त्याची जाडी दोन ते अडीच मिलिमीटर भरते व हिरडीकडे कमी होत होत ती धारेसारखी उरते. वजनाच्या हिशेबाने त्यात शेकडा ९६ भाग खनिज असते. बाकीचे पाणी आणि थोडी प्रथिने. हे खनिज कॅल्शियम व फॉस्फरस यांचे संयुग असून त्यास हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट म्हणतात. हाडांतही ते या ना त्या रूपात असते. परंतु हाडात जिवंत पेशी असतात, दंतवल्कात एकही नसते. मोडलेले हाड सांधते आणि फुटलेला दात सांधत नाही, याचे कारण हेच.

दंतवल्काची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाची तर बरीच खटपट करावी लागते. त्याचा काप वस्तऱ्याने काढता येत नाही. अम्लात ठेवून मऊ करू गेले, तर ते जवळजवळ सगळेच विरघळून जाते. म्हणून काढलेल्या दाताची चकती कापून, सहाणेवर चंदन उगाळावे तशी ती घाशीत राहतात, आणि प्रकाश आरपार जाण्याइतकी पातळ झाली म्हणजे पाहतात. वरून काचेसारखे एकसंध भासणारे हे कवच असंख्य सूक्ष्म दंडांचे बनलेले आहे, असे मग दिसून येते. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या रचून ठेवाव्यात, तसे हे दंड एकास एक लागून उभे असतात. प्रत्येकाची रुंदी चार-पाच मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दोनशेवा भाग. आतील दंतिन या थरापासून निघून ते बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचतात. मात्र वाटेत ते सरळ जात नाहीत. नागमोडी वळतात, आणि दाढेच्या उंचवट्यांखाली तर एकमेकांत गुंततात. त्यामुळे आत शिरणारी चीर सहजासहजी पुढे सरकू शकत नाही. प्रत्येक दंडात खनिजाचे हजारो लांबट स्फटिक दाटीने बसलेले असतात. दंडाच्या कडेला त्यांची दिशा बदलते.

हे दंड दात हिरडीत असतानाच घडतात. ते घडविणाऱ्या पेशी दिवसाकाठी सुमारे चार मायक्रॉन भर घालतात, आणि त्या दैनिक कामाच्या बारीक आडव्या खुणा दंडावर राहतात. दुधाच्या दातात तर एक ठळक रेषा आढळते. तिच्या आतील भाग मूल आईच्या पोटात असताना आणि बाहेरील भाग जन्मानंतर घडलेला असतो. दात तोंडात उगवला की त्या कारागीर पेशी नाहीशा होतात.

इतके कठीण असूनही दंतवल्क ठिसूळ आहे. खाली दंतिनाचा लवचीक आधार असतो तोवरच ते चावण्याचा भार सोसते. कीड नेमका हाच आधार काढून घेते. साखरेवर जगणारे सूक्ष्म जंतू अम्ल तयार करतात. दातालगतचा सामू साधारणतः ५.५ च्या खाली गेला की खनिज विरघळू लागते. प्रथम केवळ पांढरा डाग पडतो. या अवस्थेत लाळेतील क्षार व फ्लोराइड यांच्या योगाने खनिज काही अंशी परत येऊ शकते. पुढे मात्र कीड दंतिनापर्यंत पोहोचून तेथे आडवी पसरते. वाळवीने आतून पोखरलेली चौकट वरून धड दिसावी, तसा प्रकार होतो. भोक मोहरीएवढे होते, डॉक्टरांनी ते एवढे मोठे का केले, अशी रुग्णाची तक्रार असते. ज्या दंडांचे मूळ पक्क्या दंतिनावर टेकलेले नाही, ते एखादा चणा फोडतानाही तुटून पडतील आणि भरलेल्या मसाल्याच्या कडेला फट राहील, हे दंतवैद्य जाणून असतो. म्हणून असे निराधार दंड शक्यतो काढूनच टाकतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांनी या कामाचे नियम बसवून दिले. पण त्या काळी खड्ड्यात भरले जाणारे चांदी-पाऱ्याचे मिश्रण दाताला चिकटत नसे. सुतार लाकडात खाच घेऊन सांधा अडकवितो, तसा खड्डा आत रुंद ठेवून ते अडकवावे लागे, आणि त्यासाठी निरोगी दातही कोरावा लागे. जो भाग पुन्हा कधीच उगवणार नाही, तोच किडलेल्या भागापायी खर्ची पडे.

या अडचणीतून वाट काढली मायकेल बुओनोकोर यांनी. रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत धातूला फॉस्फोरिक अम्ल लावतात, हे त्यांना ठाऊक होते. १९५५ साली त्यांनी तेच अम्ल दंतवल्कावर अर्धा मिनिट लावून पाहिले. साध्या दातावरचे अ‍ॅक्रिलिकचे थेंब काही तासांत निखळले. अम्ल लावलेल्या दातावरचे कित्येक आठवडे टिकले. याचे कारण दंडांच्या रचनेत आहे. दंडाचा गाभा आणि कडा यांतील स्फटिकांची दिशा वेगळी असल्यामुळे अम्लाने ते सारखे विरघळत नाहीत. पृष्ठभागावर मधमाशांच्या पोळ्यासारखी सूक्ष्म छिद्रे पडतात. जुन्या भिंतीला गिलावा देण्यापूर्वी गवंडी छिन्नीने टोचे मारतो, तोच हा प्रकार; फक्त येथे टोचे मिलिमीटरच्या शतांशाएवढे. पातळ रेझिन त्या छिद्रांत झिरपून कठीण होते आणि तिची हजारो मुळे दाताला धरून राहतात. पुढे १९६२ मध्ये राफाएल बोवेन यांनी अधिक टिकाऊ रेझिनचे पेटंट घेतले आणि आजच्या दाताच्या रंगाच्या मसाल्याचा पाया घातला गेला. ज्या अम्लाने दात किडतो त्याच जातीच्या पदार्थाने तो दुरुस्त व्हावा, ही मोठी मौजेची गोष्ट होय.

आता अम्लाचे प्रमाण शेकडा ३७ च्या आसपास असते व ते पंधरा ते तीस सेकंद लावतात. धुऊन वाळविल्यावर दात खडूसारखा पांढरा दिसला की छिद्रे पडली, असे समजावे. त्यानंतर त्या जागी लाळेचा स्पर्श झाला तर छिद्रे बुजतात. गालात कापसाच्या गुंडाळ्या ठेवतात त्या याचसाठी. दंतिन ओलसर आणि सूक्ष्म नळ्यांनी भरलेले असल्यामुळे तेथे ही पकड इतकी भरवशाची नसते. ज्या गावांच्या विहिरींत फ्लोराइड फार असते, तेथील मुलांचे डागाळलेले दंतवल्क अम्लाला अधिक दाद देत नाही व त्यास वेळ वाढवून द्यावा लागतो.

खेळताना पडून मुलाच्या पुढच्या कायमच्या दाताचा तुकडा उडाला, तर तो मात्र माळवदावर फेकू नये. स्वच्छ पाण्यात किंवा दुधात ठेवून मुलाबरोबर लगेच दंतवैद्याकडे न्यावा; पडेगावच्या रहिवाशांना शहरातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय जवळच आहे. तुकडा धड असेल तर त्याला आणि दाताला अम्ल लावून, मधे रेझिन घालून, निळ्या प्रकाशाखाली तो पुष्कळदा पुन्हा जागच्या जागी बसविता येतो.