टिटवीने शिकविलेली फोटोग्राफी

वन्य प्राण्याचा फोटो म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ताडोबाचा वाघ नाही तर गीरचा सिंह उभा राहतो. जंगल मोठे, कॅमेरा महाग आणि लेन्स हातभर लांब असली म्हणजे फोटो चांगला येणारच, अशी आपली समजूत असते. माझीही होती. सुरतेच्या पांडेसरा भागातील एका टिटवीने ती मोडली.

माझे वडील तेथे कापड रंगविण्याच्या गिरणीत नोकरीस आहेत. घर खानदेशचे आणि पोट सुरतेचे, अशी आमच्यासारखी असंख्य कुटुंबे त्या भागात राहतात. धुराडी, ट्रक आणि रंगाचा वास यांत वन्यजीव कुठला, असे कुणीही म्हणेल. परंतु उन्हाळ्याच्या सुटीत घरी गेलो असता गिरणीमागच्या मोकळ्या प्लॉटवर मला टिटवीची चार अंडी दिसली. (आपल्या कानडी मित्रांची ही 'टिट्टिभ'.) टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही, जमिनीवरच्या उथळ खळग्यात खडे मांडून अंडी घालते. अंडी मातकट, वर काळपट डाग असलेली. पाय पडेपर्यंत दिसू नयेत अशी.

काकांचा जुना कॅमेरा घेऊन मी भर दुपारी अंड्यांपासून चार हातांवर जाऊन बसलो. नर-मादी डोक्यावर ओरडत घिरट्या घालीत होती आणि मी फोटो काढीत होतो. असे दोन दिवस चालले. दुसऱ्या दिवशी पाणी पिऊन परत येतो तो कावळ्याने दोन अंडी फोडलेली! घरी सांगितले तेव्हा आई एवढेच म्हणाली, "तू तिला घरी येऊ दिलं नाहीस ना?"

आणि फोटो? पांढऱ्या आभाळावर एक काळा ठिपका. खाली सपाट माती आणि अंडी. कुणी दुसऱ्यांदा पाहावे असे त्यांत काही नव्हते.

मग मी थोडे वाचले, जाणकारांना विचारले. काही गोष्टी साध्या आहेत. आपण उभ्याने फोटो काढला तर पक्षी खाली दबल्यासारखा दिसतो. जमिनीवर पालथे पडून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आलो तर तो आपल्याशी समोरासमोर भेटतो. डोळा स्पष्ट हवा, कारण पाहणाऱ्याची नजर प्रथम तेथेच जाते. सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश पिसांचा उठाव दाखवितो. दुपारचे ऊन तो पुसून टाकते. उडता पक्षी टिपायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके तरी जलद हवे.

पण एवढ्याने फोटो लक्षात राहत नाही. नयन खानोलकर यांचे मुंबईच्या आरे वसाहतीतील बिबट्याचे छायाचित्र पाहा. २०१६ साली लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी वन्यजीवांच्या विभागात ते पहिले आले. वस्तीतल्या बोळातून बिबट्या रात्री आपल्या वाटेने चालला आहे, इतकेच त्यात आहे. खानोलकरांनी फ्लॅशचा उजेड बोळातल्या नेहमीच्या दिव्यांसारखा ठेवला आणि बिबट्याने सारी चौकट व्यापू नये अशा बेताने कॅमेरा लावला. चार महिन्यांनी हवा तो फोटो मिळाला. बिबट्या कसा दिसतो हे आपल्याला ठाऊकच असते. तो माणसांशेजारी कसा राहतो, हे तो फोटो सांगतो.

अर्थात जे दिसते ते खरे असले पाहिजे. २००९ साली याच स्पर्धेत फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या छायाचित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. लांडगा बहुधा माणसाळलेला असावा असे पुढे परीक्षकांचे मत झाले आणि २०१० मध्ये ते छायाचित्र बाद ठरले. चित्र तेच राहिले, पण त्यातला जीव गेला.

हे कळल्यावर मी पुन्हा प्लॉटवर गेलो. या वेळी दूर, पडक्या भिंतीआड पालथा पडून राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास टिटवी पाण्यात पोट भिजवून आली आणि उरलेल्या दोन अंड्यांवर उभी राहिली. कडक उन्हात अंडी तापू नयेत म्हणून टिटव्या असे करतात. ऊन चढले होते, प्रकाश काही उत्तम नव्हता. तरीही तिची ओली पिसे, खालची अंडी आणि मागे अंधूक धुराडे एकाच चौकटीत आले. पाळी संपवून आलेल्या कामगारांना तो फोटो दाखविला. रोज त्याच वाटेने जाणारी ती माणसे बराच वेळ पाहत राहिली. एकाने विचारले, "ही आपल्या गिरणीमागची?" दुसऱ्या दिवसापासून ते प्लॉटला वळसा घालून जाऊ लागले.

पिले निघाली तेव्हा मी इकडे कॉलेजात परतलो होतो. वडिलांनी फोनवर कळविले. पिलांचा फोटो माझ्यापाशी नाही, आणि त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.