गुन्हा किरकोळ, लपवणूक मात्र महागात

सातारा / सांगली : पोलीस, सैन्यदल किंवा निमलष्करी दलात भरती होणे, हे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील हजारो तरुणांचे पहिले स्वप्न असते. साताऱ्याजवळच्या एका गावाची ओळखच ‘अपशिंगे मिलिटरी’ अशी आहे. तासगाव तालुक्यातील तुरची येथे पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. पहाटेच्या धावण्यात दोन-तीन वर्षे घालवून तरुण मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा उत्तीर्ण होतो, निवड यादीत नावही झळकते. त्यानंतर हाती येतो तो साक्षांकन नमुना. आपणास कधी अटक झाली होती का, आपल्यावर खटला चालला होता का, अशा आशयाचे प्रश्न त्यात असतात. गणपतीच्या मिरवणुकीतील जुनी हाणामारी आठवते. पण ‘मिटलेल्या भांडणाचे काय लिहायचे?’ या विचाराने उत्तर ‘नाही’ असे दिले जाते. पुढे चारित्र्य पडताळणीत तो गुन्हा उघड होतो आणि प्रश्न गुन्ह्याचा न राहता खोट्या माहितीचा बनतो.

गुन्हे दाखल होतात कसे?

या भागात तरुणांवर दाखल होणारे अनेक गुन्हे सराईत गुन्हेगारीचे नसतात. बांधावरचा वाद, यात्रेतील मारामारी, महाविद्यालयाबाहेरील भांडण किंवा आंदोलनातील सहभाग यांतून ते उद्भवतात. सप्टेंबर २००९ मधील मिरजेची दंगल, नोव्हेंबर २०१२ मधील ऊसदर आंदोलन, जुलै २०१८ मधील मराठा आरक्षण आंदोलन अशा प्रत्येक प्रसंगानंतर गुन्हे नोंदविले गेले. बेकायदा जमाव, जमावबंदी आदेशाचा भंग यांसारखी कलमे एकाच वेळी अनेकांना लागू होतात. कोरोना काळात संचारबंदी मोडल्याबद्दल भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली विद्यार्थी आणि सामान्य नागरिकांवरही गुन्हे दाखल झाले होते. ते मागे घेण्याचा निर्णय राज्य शासनाने २०२२ मध्ये जाहीर केला.

मात्र शासनाने निर्णय घेतला म्हणजे खटला आपोआप संपत नाही. त्यासाठी सरकारी वकिलांनी अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाची संमती मिळावी लागते. ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. ‘आमच्या केसेस मागे घेतल्या’ या ऐकीव माहितीवर विसंबून अर्ज भरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

सर्वोच्च न्यायालयाची चौकट

दिल्ली पोलीस दलातील हेड कॉन्स्टेबल पदाच्या एका उमेदवाराने १९९९ मधील अर्जात जुन्या मारहाणीच्या खटल्याचा उल्लेख केला नव्हता. तडजोड होऊन तो १९९८ मध्येच निर्दोष सुटला होता. निवडीनंतर, २००१ मधील साक्षांकन नमुन्यात त्याने ही माहिती दिली. तरीही उमेदवारी रद्द झाली. १७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. तरुण वयातील चुकांकडे क्षमाशील दृष्टीने पाहावे, हे सांगताना न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील, पावाच्या चोरीसाठी शिक्षा भोगणाऱ्या जाँ वालजाँचा दाखला दिला होता.

या विषयावरील निकालांत एकवाक्यता नव्हती. अखेर २१ जुलै २०१६ रोजी ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तत्त्वे निश्चित केली. उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे, हे पहिले तत्त्व. तरुण वयातील घोषणाबाजी किंवा तत्सम क्षुल्लक गुन्हा लपविला गेला असेल, तर नियोक्ता तो स्वेच्छाधिकाराने दुर्लक्षित करू शकतो. गंभीर गुन्हा लपविल्यास नियुक्ती रद्द होऊ शकते. अनेक प्रलंबित खटले जाणूनबुजून दडविणे हेही गंभीर मानले जाते. नमुन्यातील प्रश्न मात्र नेमका असला पाहिजे. जे स्पष्टपणे विचारलेलेच नाही, ते न सांगणे म्हणजे लपवणूक नव्हे.

२ मे २०२२ रोजी रेल्वे सुरक्षा दलातील एका कॉन्स्टेबलच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी स्पष्ट केले, की केवळ माहिती दडविली एवढ्याच कारणावरून मनमानीपणे सेवामुक्त करता येणार नाही. परिस्थितीचा साकल्याने विचार व्हायला हवा. ही सवलत आहे, हक्क नव्हे.

खरे सांगूनही धाकधूक

खरे सांगणाऱ्याला नोकरीची हमी मिळते, असेही नाही. खटला निकाली निघाल्याचे प्रामाणिकपणे सांगितले, तरी पूर्ववृत्ताचा विचार करण्याचा नियोक्त्याचा अधिकार कायम राहतो. किरकोळ खटला प्रलंबित असल्यास निकालाच्या अधीन राहून नियुक्ती देता येते. पोलीस दलासाठी निकष अधिक कडक असतात. पुराव्याअभावी किंवा संशयाचा फायदा मिळून झालेली सुटका आणि निष्कलंक सुटका यांत तेथे फरक केला जातो. तरीही खरे सांगणाऱ्याला आपली बाजू मांडता येते. दडविणाऱ्याला आधी खोटेपणाचे उत्तर द्यावे लागते.

दंड भरला म्हणजे सुटलो?

सर्वाधिक गैरसमज येथे आहे. न्यायालयात खेटे नकोत म्हणून अनेक जण गुन्हा कबूल करून काही शे रुपयांचा दंड भरतात आणि प्रकरण मिटले असे समजतात. कायद्याच्या दृष्टीने ती दोषसिद्धीच असते. याउलट, तडजोडयोग्य गुन्ह्यात रीतसर समझोता झाल्यास त्याचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. कबुली देण्यापूर्वी हा फरक वकिलाकडून समजून घेतल्यास पुढचा मनस्ताप टळतो.

अठरा वर्षांखालील मुलांना मात्र कायद्याने संरक्षण दिले आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार बालवयातील दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही. सोळा ते अठरा वयोगटातील ज्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालतो, त्यांचा अपवाद आहे. प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्यानुसार ठरावीक मुदतीनंतर किरकोळ शिक्षा बहुतेक नोकऱ्यांच्या अर्जात सांगावी लागत नाही.

खासगी नोकरीतही

सातारा किंवा कुपवाड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात काय विचारले जाईल, हे त्या कंपनीवर अवलंबून असते. मात्र अर्जातील खोटी माहिती हे तेथेही सेवामुक्तीचे कारण ठरू शकते. खासगी सुरक्षा रक्षकांसाठी तर २००५ च्या कायद्याने चारित्र्य पडताळणी बंधनकारक केली आहे.

उमेदवाराने काय करावे?

आपल्या नावावर नेमके काय आहे, हे आधी पाहावे. ई-कोर्ट संकेतस्थळावर नावानुसार खटल्याची स्थिती पाहता येते. प्राथमिक माहिती अहवालाची प्रत पोलीस ठाण्यातून मिळवावी. पोलिसांनी तपासाअंती ‘समरी’ पाठविली असल्यास न्यायालयाने ती मंजूर केली का, याची खात्री करावी. निकालाची प्रमाणित नक्कल काढून ठेवावी. नमुन्यातील प्रश्न अटक, खटला की शिक्षा यांपैकी कशाबद्दल आहे, हे नीट वाचून तेवढेच, पण पूर्ण उत्तर द्यावे. गुन्हा क्रमांक, कलमे, न्यायालय, सद्य:स्थिती लिहून कागदपत्रे जोडावीत. अर्ज भरल्यानंतर गुन्हा दाखल झाल्यास तेही लेखी कळवावे.

गावातील भांडण आपसांत मिटले असेल आणि खटला रेंगाळला असेल, तर तो रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. भरतीची जाहिरात निघण्याची वाट न पाहता हे काम आधीच हाती घेतलेले बरे. वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही.