पाषाणांचा देश

काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या मधल्या डोंगराळ प्रदेशात आर्मेनिया नावाचा एक लहानसा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश. त्याला समुद्रकिनारा नाही. सपाट जमीनही फारशी नाही. देशाचा बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून १,००० मीटरांहून अधिक उंच आहे. तेथील लोक आपल्या देशाला ‘हायास्तान’ म्हणतात. विनोदाने मात्र ते त्याला ‘दगडांचा देश’ असेही म्हणतात, आणि त्या विनोदात पुष्कळच तथ्य आहे.

हे सारे दगड ज्वालामुखींनी दिलेले आहेत. देशातील सर्वांत उंच पर्वत अरागात्स (४,०९० मीटर) हा एक निद्रिस्त ज्वालामुखीच होय. फार प्राचीन काळी या पर्वतांतून उसळलेली राख थरांवर थर साचून घट्ट झाली व तिचा टफ नावाचा खडक बनला. हा खडक वजनाने हलका व कापावयास सोपा असून त्यात गुलाबी, तांबूस, पिवळसर, काळा अशा अनेक छटा आढळतात. राजधानी येरेव्हानमधील जुन्या इमारती याच दगडाच्या असल्यामुळे सूर्योदयाच्या व सूर्यास्ताच्या वेळी सारे नगर गुलालाने माखल्यासारखे दिसते. हे नगर अतिशय पुरातन आहे. इ. स. पू. ७८२ मध्ये अर्गिश्ती नावाच्या राजाने येथील एका टेकडीवर एरेबुनी हा किल्ला बांधला. ही माहिती त्या राजानेच शिळेवर कोरून ठेविली होती. ती शिळा १९५० साली उत्खननात सापडली.

येरेव्हानहून आकाश निरभ्र असताना नैर्ऋत्येस एक विशाल हिमाच्छादित शिखर दिसते. तोच अरारात पर्वत. त्याची उंची ५,१३७ मीटर आहे. महाप्रलयात नोहाची नौका याच पर्वतप्रदेशात टेकली, अशी कथा बायबलमध्ये आहे. आर्मेनियाच्या राजचिन्हावर या पर्वताचे चित्र आहे. घरोघरी भिंतींवरही तो टांगलेला आढळतो. परंतु हा पर्वत आर्मेनियात नाही! १९२१ च्या तहाने ठरलेली सीमा अशी आहे की तो तुर्कस्तानच्या हद्दीत राहिला. आपला सर्वांत लाडका डोंगर रोज डोळ्यांसमोर असावा आणि तो दुसऱ्या देशात असावा, ही गोष्ट त्या लोकांच्या मनाला किती लागत असेल, हे सहज समजण्यासारखे आहे.

येरेव्हानपासून सुमारे ३० किलोमीटरांवर गार्नी हे गाव आहे. तेथे आझात नदीच्या खोल दरीच्या काठावर चोवीस स्तंभांचे एक सुंदर मंदिर उभे आहे. ते इ. स. च्या पहिल्या शतकातील असावे असे मानतात. त्या काळी आर्मेनियन लोक मिहिर या सूर्यदेवाची पूजा करीत. वेदांतील ‘मित्र’ या देवतेच्या नावाशी त्या नावाचे नाते आहे. परंपरेनुसार इ. स. ३०१ मध्ये तेथील राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला व तो राज्याचा धर्म केला. त्यानंतर देशातील बहुतेक जुनी देवालये नाहीशी झाली, पण गार्नीचे मंदिर टिकले. मात्र १६७९ च्या भूकंपात ते कोसळले.

तीनशे वर्षे त्याचे दगड तेथेच विखुरलेले पडले होते. अखेर १९६९ साली काम सुरू झाले. तज्ज्ञांनी एकेक दगड उचलून, मोजून, त्याची मूळ जागा शोधून काढली आणि १९७५ साली मंदिर पुन्हा उभे राहिले. जे दगड हरवले होते त्यांच्या जागी नवे बसविले; परंतु नव्या दगडांवर नक्षी कोरली नाही, ते मुद्दाम साधे ठेविले. त्यामुळे जुने कोणते व नवे कोणते, हे पाहणाऱ्यास लगेच कळते. हा प्रामाणिकपणा विशेष वाखाणण्यासारखा आहे. खाली दरीत उतरले की निसर्गाची कारागिरी दृष्टीस पडते. लाव्हा थंड होताना आकसून त्याचे षट्कोनी खांब बनले आहेत आणि ते हजारोंच्या संख्येने कड्याला चिकटलेले आहेत.

तीच दरी वर चढत गेली की गेघार्दचा मठ लागतो. वेरूळची लेणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना येथे ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल, कारण या मठाची काही दालने तेराव्या शतकात अखंड डोंगरात कोरलेली आहेत. आत अंधार असतो. प्रकाश येतो तो केवळ छताच्या मध्यभागी ठेवलेल्या झरोक्यातून. एका दालनात खडकातून झरा वाहतो. तेथे कोणी गाऊ लागले की तो स्वर बराच वेळ घुमत राहतो. मठाच्या आवारात व भिंतींवर ‘खाचकार’ दिसतात. खाचकार म्हणजे क्रूस कोरलेली शिळा. क्रूसाभोवती वेलबुट्टी व जाळीचे इतके बारीक काम असते की तो दगड नसून विणलेले वस्त्र असावे असा भास होतो. देशात असे हजारो खाचकार आहेत, पण कोणतेही दोन अगदी सारखे नाहीत.

या डोंगरांच्या कुशीत, सुमारे १,९०० मीटर उंचीवर, सेवान नावाचे विस्तीर्ण गोड्या पाण्याचे सरोवर आहे. त्यातील एका बेटावर इ. स. ८७४ मध्ये मारियाम नावाच्या राजकन्येने मठ बांधला. आज तेथे जाण्यास नाव लागत नाही. प्रवासी पायीच जातात. याचे कारण दुःखद आहे. आर्मेनिया सोव्हिएत संघात असताना, १९३० नंतरच्या काळात, शेतीसाठी व विजेसाठी या सरोवराचे पाणी बेसुमार काढण्यात आले. सरोवराचे पाणी उन्हाने उडून फुकट जाते, तर ते वापरलेले काय वाईट, असा त्यामागे हिशेब होता. पाण्याची पातळी जवळजवळ २० मीटर उतरली, बेट काठाला जोडले गेले, पाणी गढुळले आणि ‘इश्खान’ म्हणजे ‘राजपुत्र’ या नावाने ओळखला जाणारा तेथील मासा दुर्मीळ झाला. मग चूक उमगली. डोंगरातून ४८ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदून १९८१ साली आर्पा नदीचे पाणी सेवानमध्ये आणण्यात आले. पातळी काही मीटर वाढली आहे; पण बेट पुन्हा बेट झालेले नाही.

आर्मेनियाचे खेडे पाहावयाचे तर लवाश भाजण्याच्या वेळी पाहावे. जमिनीत पुरलेल्या ‘तोनिर’ नावाच्या मातीच्या भट्टीभोवती शेजारच्या बायका जमतात. एकजण कणकेची पातळ पोळी लाटते, दुसरी ती हातावर झेलून आणखी पातळ करते, तिसरी ती एका उशीवर पसरून भट्टीच्या तापलेल्या भिंतीवर थापते. अर्ध्या-एक मिनिटात भाकरी तयार! वाळवून ठेवली तर ती कित्येक महिने टिकते; खाण्यापूर्वी थोडे पाणी शिंपडले की झाले. जर्दाळू हे तर तेथील आवडते फळ. त्याच्याच लाकडापासून ‘दुदुक’ नावाचे एक सुषिर वाद्य करतात. त्याचा स्वर सनईहून मंद व करुण असतो.

परंतु या देशाचा सर्वांत मोठा ठेवा येरेव्हानमधील मातेनादारान या ग्रंथसंग्रहालयात आहे. इ. स. ४०५ च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स नावाच्या विद्वानाने आर्मेनियन भाषेसाठी ३६ अक्षरांची स्वतंत्र लिपी तयार केली. शेजारच्या बलाढ्य साम्राज्यांनी राज्य हिरावून घेतले, तरी ही लिपी सुटली नाही. व्यापारासाठी दूरदेशी गेलेल्या आर्मेनियन लोकांनी ती बरोबर नेली. आर्मेनियन भाषेतील पहिले नियतकालिक १७९४ साली छापले गेले ते कोठे? आपल्या मद्रासमध्ये! मुंबईच्या फोर्ट भागातही त्यांचे एक जुने चर्च आहे.

मातेनादारानमध्ये सुमारे २३,००० हस्तलिखिते आहेत. त्यांत मूश येथील एक ग्रंथ इ. स. १२०० च्या सुमारास चर्मपत्रावर लिहिलेला असून त्याचे वजन सुमारे २८ किलो आहे. १९१५ साली ऑटोमन साम्राज्यात लक्षावधी आर्मेनियन लोकांचा संहार झाला. त्या वेळी पळून जाणाऱ्या दोन स्त्रियांना हा ग्रंथ एका उद्ध्वस्त मठात सापडला, असे सांगतात. एकटीला तो उचलणे शक्य नव्हते. त्यांनी त्याचे दोन भाग केले व एकेक भाग घेऊन त्या डोंगरवाटांनी निघाल्या. एकीने आपला भाग एच्मियाद्झिनच्या मठात सुखरूप पोहोचविला. दुसरी वाटेतच मरण पावली. पण मरणापूर्वी तिने आपला भाग जमिनीत पुरून ठेविला होता. पुढे तो एका अधिकाऱ्याच्या हाती लागला आणि दोन्ही भाग पुन्हा एकत्र आले. आज त्या अवजड ग्रंथाशेजारी पंधराव्या शतकातील एक चिमुकली हस्तलिखित पोथी ठेवलेली असते. तिचे वजन अवघे १९ ग्रॅम आहे.