लोहमार्गाच्या पुलांवरील अक्षरें : वाशीम जिल्ह्यांतील एक उपेक्षित साधन

कारंजा लाड हें नांव आमच्या वाचकांस तेथील जैन भांडारांतील पोथ्यांमुळें परिचित आहे, आणि वाशीमचें नांव वाकाटक विंध्यशक्ति दुसरा याच्या ३७ व्या राज्यवर्षाच्या ताम्रपटामुळें. परंतु पोथीच्या शोधार्थ कारंज्यास जाणाऱ्या संग्राहकाची दृष्टि वाटेंतील लोखंडी पुलाकडे क्वचितच वळते. तशा पुलाच्या तुळईवर अक्षरें असलीं तर तीं कशीं वाचावींत, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

ताम्रपटाचीं अक्षरें खोदलेलीं असतात. तुळईवरचीं उठावाचीं असतात. तापून लाल झालेला पोलादाचा ठोकळा यंत्राच्या फिरत्या रुळांमधून पुनःपुन्हां लाटला जातो. शेवटच्या रुळावर कारखान्याचें नांव उलट कोरलेलें असतें, तें तुळईच्या मधल्या उभ्या भागावर उमटतें, व रुळाच्या प्रत्येक फेऱ्यास तेंच नांव समान अंतरावर पुन्हां येतें. १८७५ सालीं स्थापन झालेल्या मिडल्सबरोच्या डॉर्मन लाँग कंपनीचें नांव या रीतीनें देशोदेशींच्या तुळयांवर गेलें.

मात्र हें नांव पूल बांधणाराचें नव्हे. कागदांतील जलचिन्हावरून कागद कोणाचा तें कळतें, लेखक कळत नाहीं. तसाच हा प्रकार आहे. पोथीच्या पुष्पिकेची जागा येथें गर्डरावर निराळी बसविलेली ओतीव पट्टी घेते. तींत तुकडे जोडून गर्डर तयार करणाऱ्या कारखान्याचें नांव व बहुधा सालही असतें. तेंही साल गर्डराचें. पुलाचें असेलच असें नाहीं. मोठ्या मार्गावरून काढलेले गर्डर हलक्या मार्गावर पुन्हां बसविण्याची चाल होती. रिव्हेट नसलेलीं रिकामीं भोकें दिसलीं तर हा संशय अवश्य धरावा.

मूर्तिजापूरहून कारंज्यावरून यवतमाळास गेलेला अडीच फुटी मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीचा. टाटांच्या साकची येथील कारखान्यांत पहिलें पोलाद १९१२ सालीं निघालें. तेव्हां या मार्गावरील एखाद्या तुळईवर टाटांचें नांव आढळल्यास ती मागाहून बसविली असण्याचा संभव ध्यानांत घ्यावा. अक्षरें मुळींच नसलीं तरी धातु बोलतो. इंग्लंडांत पुलांस पोलाद वापरण्याची मोकळीक १८७७ सालीं मिळाली. तत्पूर्वींचे पूल बहुतेक घडीव लोखंडाचे. घडीव लोखंडांत मळीचे धागे असल्यामुळें तें गंजतांना जुन्या पोथीच्या पानांसारखें पदराशः सुटतें. पोलादाचे असे पदर सुटत नाहींत. आमच्या मतें ही परीक्षा पुष्कळदां नांवाहूनही भरंवशाची आहे.

या कामास विलंब परवडणारा नाहीं. वाशीमवरून जाणारा अकोला-पूर्णा मार्ग २००८ सालीं मीटरगेजचा रुंद झाला. अशा रूपांतरांत जुने गर्डर जड गाड्यांस अपुरे पडून उतरविले जातात, आणि भंगाराचा भाव टनावर ठरतो, अक्षरांवर नव्हे. कित्येक ताम्रपट तांबटांच्या मुशींत गेले, तीच गत येथें होते. कारंज्याच्या मार्गाच्याही रुंदीकरणाची योजना पुढें आलेली आहे.

म्हणून रेल्वेची अनुज्ञा घेऊन, गाड्यांच्या वेळा संभाळून, संग्राहकांनीं अक्षरांवर पातळ कागद धरून खडूनें ठसा घ्यावा. पुलाचा क्रमांक, गाळ्याची लांबी, अक्षर कोणत्या तुळईवर व कोणत्या टोंकास आहे, आणि रिकाम्या भोकांची संख्या त्याच कागदावर तेथेंच लिहावी. घरीं येऊन स्मरणानें लिहिलेली नोंद आम्ही ग्राह्य धरीत नाहीं.