पाच रुपयांची भूक

गेल्या श्रावणात आमच्या महिला मंडळानं गावातल्या प्राथमिक शाळेत दातांच्या तपासणीचं शिबिर घेतलं. मुलांची नावं लिहून घ्यायचं काम माझ्याकडे होतं. दुसरीतली एक चिमुरडी आईचा पदर धरून आली. डॉक्टरांनी तिला ‘आ कर’ म्हटलं आणि तिच्या तोंडात बघून माझ्याच पोटात गोळा आला. पुढचे दात काळे पडून झिजलेले, दाढांना खड्डे. ‘रोज काय खातेस गं?’ डॉक्टरांनी विचारलं. पोरगी लाजली. तिच्या मुठीत मसालेदार कुरकुरीत नळ्यांचा चुरगळलेला पुडा होता आणि दप्तराच्या बाजूच्या कप्प्यात काळ्या शीतपेयाची छोटी बाटली, निम्मी संपलेली!

मी पडले समाजकार्य करणारी बाई. लगेच तिच्या आईला सुनवायला लागले. ‘अहो, हे असलं कशाला देता लेकराला? त्यापेक्षा कपभर दूध द्या की!’ ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘ताई, दूध साठ रुपये लिटर हाय. मी सकाळी सातला खुरपणीला जाते. पुडा पाचाला मिळतो, बाटली धाला. पोरगी रडत न्हाई, साळंला जाते. तुमीच सांगा, काय करू?’

माझी बोलतीच बंद झाली.

पुढच्या आठवड्यात मंडळाच्या बैठकीत हा विषय निघाला. एक मैत्रीण तावातावानं म्हणाली, ‘सरकारनं असल्या खाण्यावर दणकून कर लावायला हवा. महाग झालं की आपोआप खाणं बंद!’ सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण घरी आल्यावर ती आई काही डोळ्यांसमोरून हलेना. कर लावला तर तो भरणार कोण? तीच ना? आणि भरून तिच्या लेकीचे दात वाचणार आहेत का? मग मी वाचायला बसले. जे हाती लागलं, ते मैत्रिणींनो, तुमच्यापुढे ठेवते.

पहिलं उदाहरण मेक्सिकोचं. तिथे गोड शीतपेयं पाण्यासारखी पितात. मधुमेहानं देश हैराण झाला, तेव्हा जानेवारी २०१४ पासून सरकारनं गोड पेयांवर लिटरमागे १ पेसो कर लावला. पहिल्याच वर्षी ही पेयं विकत घेण्याचं प्रमाण सरासरी ६ टक्क्यांनी घटलं, दुसऱ्या वर्षी आणखी खाली आलं. सगळ्यात जास्त घट झाली ती गरीब घरांमध्ये. आणि लोकांनी बाटलीबंद पाणी जास्त घ्यायला सुरुवात केली. म्हणजे किंमत वाढली की हात आखडतो, हे खरंच. आपण बायका हे भाजीबाजारात रोज अनुभवतो, नाही का?

दुसरी गोष्ट ब्रिटनची. ती मला जास्त शहाणपणाची वाटली. तिथे एप्रिल २०१८ पासून शीतपेयांवर साखरेच्या प्रमाणानुसार कर सुरू झाला. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर कर नाही. ५ ग्रॅमपासून पुढे लिटरला १८ पेन्स आणि ८ ग्रॅमपासून पुढे २४ पेन्स, असा तो सुरुवातीला ठरला होता. झालं काय, की कर चुकवायला कंपन्यांनीच साखर कमी केली! लोकांनी सवय बदलण्याआधी बाटलीच बदलली. पुढे अभ्यासकांनी शाळकरी मुलांची वजनं तपासली. दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण, कर नसता तर जेवढं झालं असतं त्यापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी भरलं, गरीब वस्त्यांमधल्या मुलींमध्ये तर आणखीच. मुलग्यांमध्ये मात्र असा फरक दिसला नाही. तेव्हा कर म्हणजे काही जादूची कांडी नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवं.

फसलेला प्रयोगही आहे. डेन्मार्कनं ऑक्टोबर २०११ मध्ये लोणी, चीज, मांस अशा पदार्थांतल्या चरबीवर कर लावला. उद्या आपल्या घरातल्या तुपा-लोण्यावर कर बसला तर आपण काय करू? तिथल्या लोकांनी सीमा ओलांडून शेजारच्या जर्मनीतून पिशव्या भरून आणल्या. दुकानदार ओरडायला लागले, आणि सव्वा वर्षात सरकारनं तो कर मागे घेतला.

आपल्या देशात केरळनं २०१६ मध्ये मोठ्या नावाच्या हॉटेलांतल्या पिझ्झा-बर्गरवर साडेचौदा टक्के कर बसवला. पण कोपऱ्यावरच्या गाड्यावरचं तळण तसंच राहिलं. वर्षभरात जीएसटी आला आणि तो कर त्यात विरून गेला.

आता आपल्या दुकानाकडे वळू या. मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं ते हे, की शीतपेयांवर आपल्याकडे कर आहेच, आणि तोही थोडाथोडका नाही! २०१७ पासून २८ टक्के जीएसटी आणि वर १२ टक्के अधिभार. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरळ ४० टक्के. तरीही त्या पोरीच्या दप्तरात बाटली होतीच ना? कारण कंपन्यांनी छोट्या बाटल्या काढल्या. कर कितीही असो, दहाची नोट पुढे केली की बाटली हातात. पुष्कळशा कोलांमध्ये १०० मिलिलिटरला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. म्हणजे २०० मिलिलिटरच्या बाटलीत चार-पाच चमचे! आपल्या चहात कुणी एवढी घातली तर आपण घोट तरी घेऊ का?

शिवाय आपला कर साखर मोजत नाही. साखर भरपूर असो की बिनसाखरेचं पेय असो, ४० टक्के ते ४० टक्केच. मग कंपनी कशाला साखर कमी करील? ब्रिटनमध्ये जे साधलं ते आपल्याकडे साधत नाही, त्याचं एक कारण हे.

आणि त्याच सप्टेंबरात दुसरीकडे काय झालं? बिस्किटं, चॉकलेट, आइस्क्रीम यांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, पाकीटबंद फरसाणावरचा १२ वरून ५ वर. दिवाळीच्या तोंडावर आपण सगळ्याच खूश झालो, मीही झाले. घरखर्चाला तेवढाच हातभार! पण पोरीच्या मुठीतला पुडा आठवला आणि वाटलं, एका हातानं बाटली महाग ठेवायची आणि दुसऱ्या हातानं पुडा स्वस्त करायचा, हे कसलं धोरण? २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. आता तो काही नुसता शहरातल्या श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. आपल्या आळीतली चार घरं मोजा, एका घरात तरी गोळ्यांची पट्टी सापडेल.

तेव्हा करानं आरोग्य सुधारतं का, या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. सुधारू शकतं, पण कर साखरेवर नेम धरून लावलेला हवा, छोट्या बाटलीलाही त्याची झळ बसायला हवी, आणि त्याच पाच-दहा रुपयांत दुसरं काहीतरी बरं खाणं हाताशी हवं. ही तिसरी गोष्ट नसेल, तर कर म्हणजे त्या खुरपणीला जाणाऱ्या आईला नुसता दंड. त्या पैशातून तिच्या लेकीच्या शाळेत स्वच्छ पाण्याचा नळ आला, सकाळी काही पौष्टिक मिळालं, तरच तो कर तिच्या कामाचा.

पण सरकार करील तेव्हा करील, तोवर काय? आमच्या बचत गटानं दिवाळीनंतर शाळेजवळ एक टेबल मांडलं. शेंगदाणा-गुळाचा लाडू, फुटाणे, उकडलेली हरभऱ्याची उसळ, सगळं पाच रुपयांना. गुळातही गोडवा असतोच, म्हणून लाडू लहान वळतो आणि उसळ पुढे मांडतो. खोटं कशाला सांगू, पहिल्या आठवड्यात निम्मा माल परत आणावा लागला. रंगीत पुड्यापुढे आमचा लाडू कसा टिकणार? मग मुख्याध्यापकांना भेटलो. शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत, असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. तो छापून नेला होता. फाटकाला लागून बसणाऱ्या दुकानदाराशी भांडलो नाही. त्यालाच म्हटलं, ‘भाऊ, तुम्ही आमचे फुटाणे ठेवा, पुड्यामागे पन्नास पैसे तुमचे.’ पुड्यांच्या माळा त्यानं दारावरून काढून आत ठेवल्या. पूर्ण गेल्या नाहीत, पण डोळ्यांसमोरून तरी हलल्या.

तुमच्या गावातही हे करता येईल. एकदा शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटं उभ्या राहून बघा, मुलांच्या मुठीत काय आहे ते.

ती चिमुरडी आता कधी लाडू घेते, कधी पुडा. परवा तिची आई बाजारात भेटली. मला वाटलं, मागचं बोलणं मनात धरून असेल. तर म्हणाली, ‘ताई, तुमचं टेबल सकाळी सात वाजता लावा की. मी कामाला जायच्या आधी तिला उसळ घिऊन दिली असती.’

साडेदहाला शाळा भरते म्हणून आम्ही दहाला टेबल लावत होतो. तिची सकाळ सातला सुरू होते, हे तिनं मला शिबिरातच सांगितलं होतं. ऐकलं मात्र मी आता. येत्या सोमवारपासून टेबल सातला लागणार आहे.